पोटात गोळा का येतो?

भीतीविषयी आपल्या भाषेत किती वाक्प्रचार आहेत ते एकदा वहीत लिहून काढा. पोटात गोळा येणे, छातीत धडधडणे, तोंडचे पाणी पळणे, हातपाय गार पडणे, अंगावर काटा येणे, घाम फुटणे, बोबडी वळणे, पाचावर धारण बसणे. यातला शेवटचा सोडून द्या. त्यातली धारण म्हणजे धान्याचा भाव. ती भीती बाजारातली आहे. बाकीच्या प्रत्येक वाक्प्रचारात शरीराचा एखादा भाग किंवा शरीरात घडणारी एखादी गोष्ट आहे. 'मन घाबरले' एवढेच म्हणून आपले पूर्वज थांबले नाहीत. त्यांनी पोट, छाती, तोंड आणि हातपाय यांची साक्ष काढली. ती साक्ष खरी होती. मात्र असे का होते हे शरीरशास्त्रज्ञांना कळायला विसावे शतक उजाडावे लागले.

तुम्हांला हे सारे अनुभवाने माहीत आहेच. गणिताच्या तासाला सर फळ्याकडून वळून तुमच्याकडे बोट दाखवतात. निकालपत्रक दप्तरात घेऊन तुम्ही घराच्या उंबऱ्याशी येता. रात्री घरात मोठ्यांचा आवाज चढू लागतो आणि तुम्ही पांघरुणात जागे असता. पोटात गोळा येतो. तो खरोखरच पोटात असतो का? असतो.

मांजराचे पोट

क्ष-किरणांचा शोध १८९५ साली लागला. त्यानंतर एक-दोन वर्षांतच अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात वॉल्टर कॅनन नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने या किरणांचा एक नामी उपयोग केला. त्याने मांजरांना बिस्मथचा क्षार मिसळलेले अन्न खाऊ घातले. बिस्मथमधून क्ष-किरण सहजी जात नाहीत, त्यामुळे पडद्यावर अन्नाची काळी सावली दिसते. जठराच्या भिंतींवरून एकामागून एक लाटा सरकत आहेत आणि अन्न घुसळले जात आहे, हे कॅननला स्पष्ट दिसले. पण एखादे मांजर बिथरले, सुटण्यासाठी धडपडू लागले, की या लाटा तत्काळ थांबत. त्याला चुचकारून शांत केले की त्या पुन्हा सुरू होत.

पुढे कित्येक वर्षे कॅननने या एकाच निरीक्षणाचा पाठपुरावा केला. १९१५ साली त्याने वेदना, भूक, भय आणि क्रोध यांमुळे शरीरात होणाऱ्या बदलांवर एक ग्रंथ लिहिला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : संकट समोर येताच प्राण्याचे शरीर दोनच कामांची तयारी करते. एक लढण्याची, दुसरे पळण्याची. पचनाचे काम तेव्हा बाजूला ठेवले जाते. लांडगा पाठीशी लागला असताना दुपारची भाकरी पचवीत बसणे परवडणारे नसते!

ही तयारी कशी होते ते पाहू. मेंदूच्या आत, कानाच्या थोडे पुढे, दोन्ही बाजूंना बदामाच्या आकाराचा एकेक पुंजका असतो. त्याला अमिग्डला म्हणतात. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ बदाम असाच आहे. धोक्याची चाहूल लागली की हा पुंजका मेंदूच्या तळाशी असलेल्या अधश्चेतकाला खबर देतो. तेथून अनुकंपी मज्जासंस्थेमार्फत संदेश सुटतो आणि मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रेनॅलिन रक्तात उतरते. हृदय जोराने चालू लागते. यकृत आपल्या साठ्यातली साखर रक्तात सोडते. डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात. कातडीकडचे आणि आतड्यांकडचे रक्त मोठ्या स्नायूंकडे वळते. म्हणून हात गार, पोटात गोळा. लाळ कमी होते, म्हणून तोंडचे पाणी पळते. हे सर्व घडायला काही सेकंद पुरतात. विचार करणारा मेंदूचा पुढचा भाग पाहणी करून 'अरे, ही तर दोरी आहे, साप नव्हे' असा निर्वाळा देईपर्यंत पाय मागे आलेला असतो.

यामागोमाग त्याच ग्रंथींतून दुसरे एक द्रव्य येते, कॉर्टिसॉल. ते सावकाश वाढते आणि सावकाश उतरते. थोडा वेळ ते उपयोगी असते. पण आठवडेच्या आठवडे ते वाढलेलेच राहिले तर झोप बिघडते, आजाराशी लढण्याची शक्ती घटते, आणि नवे काही लक्षात ठेवणे जड जाते. कॅनडातील माँट्रियल येथे हान्स सेली हा शास्त्रज्ञ उंदरांवर निराळेच संशोधन करीत होता. उंदरांना काहीही टोचा, थंडीत ठेवा किंवा दमवा, त्यांच्या अधिवृक्क ग्रंथी मोठ्या होतात आणि जठरात व्रण पडतात, असे त्याला आढळले. १९३६ साली त्याने ते एका छोट्याशा टिपणात प्रसिद्ध केले. पुढे या अवस्थेसाठी त्याने जो शब्द रूढ केला तो अभियंत्यांच्या शास्त्रातला होता. मराठीत आपण त्याला ताण म्हणतो. तारेला ताण देता येतो. किती द्यायचा याला मर्यादा असते.

चोर कोण?

येथे थोडे आडवळण घेतो, कारण शिक्षकांनाही ते उपयोगी पडेल. आपल्या जुन्या धर्मशास्त्रांत आरोपीची परीक्षा घेण्याच्या काही रीती सांगितल्या आहेत. त्यांना दिव्य म्हणत. चोरीच्या संशयितांसाठी तंदुलदिव्य होते. संशयितांना कोरडे तांदूळ चावून थुंकायला सांगत आणि थुंकलेल्या तांदळावरून निवाडा करीत. यामागे थोडे शरीरशास्त्र असेल, असे आज म्हणता येते. घाबरलेल्याच्या तोंडाला कोरड पडते, तांदूळ ओले होत नाहीत, हिरड्या खरचटतात.

पण या परीक्षेत एक मोठी खोट आहे, आणि ती तुमच्या लक्षात आलीच असेल. कोरड भीतीने पडते, अपराधाने नव्हे. चोरी न केलेला, पण चारचौघांत उभा केल्यामुळे गर्भगळित झालेला मुलगाही त्या तांदळांवर नापास होईल. निर्ढावलेला चोर मात्र सहज सुटेल. वर्गात पेन हरवले की काय होते ते आठवा. जो अडखळतो, ज्याचे कान लाल होतात, त्याच्यावर संशय जातो. 'घाबरतोस कशाला, काही केले नसेल तर?' हा प्रश्न आपण किती सहज विचारतो! शरीरशास्त्राला तो मुळीच मान्य नाही.

३० सप्टेंबर १९९३

भीतीचा अभ्यास प्रयोगशाळेत करणे अवघड असते, कारण माणसांना मुद्दाम फार घाबरवता येत नाही. पण कधी कधी निसर्गच तसे करतो. धाराशिव जिल्ह्यातील (तेव्हाचे नाव उस्मानाबाद) वाचकांना ही तारीख सांगायला नको. त्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांच्या सीमेवर ६.२ महत्तेचा भूकंप झाला. गणेशविसर्जन आटोपून गावे गाढ झोपली होती. लातूर जिल्ह्यातील किल्लारी, आणि आपल्या जिल्ह्यातील सास्तूर, होळी, राजेगाव, पेठसांगवी अशी गावे काही सेकंदांत जमीनदोस्त झाली. आठ-दहा हजार माणसे गेली.

वास्तविक ६.२ हा काही राक्षसी भूकंप नव्हे. जपानमध्ये एवढ्या धक्क्यात इतकी माणसे दगावत नाहीत. येथे घात केला तो घरांनी. दोन-तीन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, आतला आणि बाहेरचा थर एकमेकांत न गुंतवलेला, आणि डोक्यावर उन्हाळ्यात गारवा देणारे मातीचे जाड माळवद. भिंती फाकल्या आणि माळवद झोपलेल्यांवर आले.

त्यानंतर कित्येक महिने लोक पत्र्याच्या शेडमध्ये राहिले. ज्यांच्या घराच्या भिंती शाबूत होत्या, तेही आत निजायला धजत नव्हते. लहानमोठे धक्के येतच होते. येथे अमिग्डलाचे काम समजून घ्या. तो फार कसून शिकतो आणि अंदाधुंद शिकतो. संकटाच्या वेळी आसपास जे जे होते, त्या सर्वांवर तो 'धोका' अशी चिठ्ठी चिकटवून ठेवतो : काळोख, पहाट, दगडी भिंत, जमिनीतून येणारा घुमारा. मग मालमोटारीच्या आवाजानेही माणूस दचकून उठतो. अशा माणसाला 'भित्रा' म्हणणे म्हणजे पाण्यात भिजलेल्याला 'ओला' म्हणून हिणवण्यासारखे आहे.

या भूकंपाची दुसरी एक बाजू मला अधिक विचार करायला लावते. १९९२ सालच्या ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत किल्लारीच्या परिसरात लहान लहान धक्के पुष्कळ जाणवले होते. लोक घाबरले, बाहेर झोपू लागले. मग धक्के थांबले. काही झाले नाही, तेव्हा भीतीही ओसरली आणि माणसे घरात परतली. भीती अशीच ओसरते. वारंवार धोका न आढळल्यास मेंदू सावधपणाचा खर्च कमी करतो, हा त्याचा नियमच आहे. त्यांनी नियमाप्रमाणेच वागून दाखवले. म्हणून 'भीती वाईट, ती घालवा' असा सोपा उपदेश मी तुम्हांला करणार नाही. भीती ही बातमी असते. बातमी खरी की खोटी हे तपासावे लागते, आणि ती तपासायला ज्ञान लागते. १९९२ साली खरा प्रश्न 'बाहेर किती दिवस झोपावे' हा नव्हता, 'ही भिंत कशी बांधली आहे' हा होता. तो प्रश्न भूकंपानंतर विचारला गेला. ५२ गावे पूर्णपणे नव्या जागी वसवली गेली. इतर हजारो घरांच्या दुरुस्तीत भिंतींतून आरपार जाणारे दगड बसवणे, वरून पट्ट्यासारखी तुळई फिरवणे अशा गोष्टी गवंड्यांनी आणि गावकऱ्यांनी शिकून घेतल्या. भिंत का पडली हे समजलेल्या माणसाची भीती आणि न समजलेल्याची भीती एकसारखी राहत नाही.

त्या वेळी आठवीत असलेली मुले आज पंचेचाळिशीच्या आसपास आहेत. उमरगा, लोहारा भागातील काही वाचकांचे ते आईवडील असतील, काहींचे गुरुजी किंवा बाई असतील. भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे १२०० मुलामुलींना पुण्यास नेऊन त्यांच्या शिक्षणाची व्यवस्था केली. वर्ग, घंटा, जेवणाची वेळ, सोबतीला त्याच दुःखातून आलेली मुले. मोठ्या आपत्तीनंतर मुलांसाठी शाळा शक्य तितक्या लवकर सुरू करावी, हे आज जगभर मानले जाते, आणि त्याचे कारण केवळ अभ्यासक्रम पुरा करणे हे नाही. पुढच्या तासाला काय होणार हे ठाऊक असणे हेच त्या मनाला औषध असते.

माहीत नसण्याची भीती

हे औषध का लागू पडते, याचा उलगडा लंडनमधील एका प्रयोगाने बराचसा केला. २०१६ साली तो प्रसिद्ध झाला. ४५ जणांना संगणकावर एक खेळ दिला होता. पडद्यावर दगड दिसत. त्यांच्याखाली साप आहे की नाही हे ओळखायचे. साप निघाला की हाताला विजेचा बारीकसा झटका बसे. साप निघण्याची शक्यता प्रयोगकर्ते बदलत राहिले आणि माणसांचा घाम व डोळ्यांच्या बाहुल्या मोजत राहिले. ताण सर्वांत जास्त केव्हा दिसला असेल? झटका नक्की बसणार हे ठाऊक असताना नव्हे. शक्यता निम्मी-निम्मी असताना!

आता हे आपल्या घरी लावून पाहा. वडील रोज रागावणारे असले तर मूल त्याची काहीतरी तजवीज करते. पण आज लाडाने जवळ घेणारा आणि उद्या तेवढ्याच गोष्टीवरून हात उगारणारा बाप असेल, तर घरातले मूल सतत पायरव ऐकत बसते. चपला कशा काढल्या, कडी कशी वाजली यावरून ते अंदाज बांधते. अभ्यासाचे पुस्तक समोर उघडे असते, कान दाराकडे.

आपल्या जिल्ह्यात अशा अनिश्चिततेला तोटा नाही. पाऊस येईल की नाही, सोयाबीनला भाव मिळेल की नाही, बँकेचा माणूस पुन्हा येईल की काय. कळंब, भूम, वाशी, परंडा या भागांतील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि मुले आजी-आजोबांपाशी राहतात किंवा शाळा सोडून फडावर जातात. कोणाचे आईवडील पोटाला चिमटा काढून त्याला लातूरला खोली घेऊन देतात आणि 'आता सगळं तुझ्यावर' असे सांगून परत फिरतात. ते वाक्य प्रेमानेच म्हटलेले असते. पण चौदा-पंधरा वर्षांच्या पोराच्या पाठीवर ते पोते टाकल्यासारखे बसते. मोठ्यांना एक विनंती : घरातली अडचण मुलांना कळलेली असतेच. ती मोजक्या शब्दांत सांगून टाकावी. 'कर्ज इतके आहे, मी अमुक खटपट करतो आहे, तुझी फी भरलेली आहे' एवढे कळले तरी मुलाची रात्र हलकी होते. मोठ्यांच्या गप्प बसण्यात मुले नेहमी खऱ्याहून मोठा साप पाहतात.

छडी आणि भूमिती

'भीती असल्याशिवाय पोरे अभ्यास करीत नाहीत' असे म्हणणारे शिक्षक आणि पालक पुष्कळ आहेत. त्यांचे म्हणणे उडवून न लावता तपासू. १९०८ साली यर्कीस आणि डॉडसन या दोघा शास्त्रज्ञांनी उंदरांना काळ्या व पांढऱ्या पेट्यांतून योग्य पेटी निवडायला शिकवले. चूक झाली की विजेचा झटका. फरक ओळखणे सोपे असताना झटका जितका जोरदार तितके उंदीर लवकर शिकले. पण फरक ओळखणे कठीण केले तेव्हा जोरदार झटक्याने शिकणे मंदावले. मध्यम झटका बरा ठरला.

उंदरांवरून एकदम विद्यार्थ्यांवर उडी मारणे धोक्याचे आहे, हे कबूल. तरीही माणसाविषयी इतर मार्गांनी जे समजले आहे ते याच दिशेचे आहे. एखादा रायडर सोडवताना पक्ष, साध्य आणि दोन-तीन प्रमेये एकाच वेळी मनात धरून ठेवावी लागतात. मनातली ही पाटी फार लहान असते. 'चुकले तर काय होईल' हे वाक्य त्या पाटीवर सारखे उमटत राहिले तर प्रमेयाला जागा कोठून मिळणार? पाढे घोकण्यापुरती धास्ती चालून जात असेल. विचार करण्यासाठी ती चालत नाही. परीक्षेत पाठ केलेले उत्तर ऐनवेळी आठवत नाही आणि घंटा होताच दारात आठवते, त्याचे कारणही हेच. आणि कायद्याचेही लक्षात असू द्यावे : २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शाळेत मुलांना मारणे आणि मानसिक त्रास देणे या दोन्ही गोष्टींना बंदी केली आहे.

मनातली पाटी पुसण्याचा एक उपाय २०११ साली गाजला होता. अमेरिकेत रामिरेझ आणि बायलॉक यांनी नववीच्या विद्यार्थ्यांना जीवशास्त्राच्या परीक्षेआधी दहा मिनिटे आपली भीती कागदावर लिहायला लावली. परीक्षेला फार घाबरणाऱ्या मुलांचे गुण त्यामुळे सुधारले, असे त्यांना आढळले. पुढे २०१८ मध्ये काही शास्त्रज्ञांनी नामवंत नियतकालिकांतील २१ प्रयोग पुन्हा करून पाहिले. त्यांपैकी १३ तसेच उतरले. या संशोधकांचा प्रयोगशाळेत केलेला प्रयोग मात्र उतरला नाही. म्हणजे हा हुकमी उपाय म्हणता येत नाही. पण खर्च एका कागदाचा आहे आणि अपायही दिसत नाही. सराव परीक्षांच्या वेळी दोनदा लिहून आणि दोनदा न लिहिता स्वतःवरच पडताळून का पाहू नये?

करून पाहा

साहित्य : सेकंदकाटा असलेले घड्याळ आणि तुमची तीन बोटे.

पाच मिनिटे शांत बसा. डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या मुळाखाली उजव्या हाताची मधली बोटे हलकेच टेका. नाडी लागली की ३० सेकंद मोजा आणि दुप्पट करा. हा आकडा लिहा. आता बोटे तशीच ठेवून नाकाने सावकाश श्वास घ्या, मनात चारपर्यंत मोजा. मग सहापर्यंत मोजत तो सोडा. असे दहा वेळा. नाडीकडे नीट लक्ष असू द्या. श्वास आत घेताना ठोके किंचित लवकर पडतात आणि सोडताना लांबतात. तुमच्या वयात हा फरक बोटांना चांगला कळतो.

ही जादू नाही. मेंदूतून निघून छातीपोटात उतरणारी व्हेगस नावाची एक मज्जा आहे. ती हृदयाचा लगाम आहे म्हणा ना. श्वास सोडताना हा लगाम खेचला जातो, घेताना सैल होतो. हृदयाला 'हळू चाल' असे थेट सांगता येत नाही. पण श्वास हे असे एक काम आहे की जे आपोआपही चालते आणि आपल्या हुकमानेही चालते. त्या वाटेने आत शिरता येते. लांब उच्छ्वासाचे हेच मर्म आहे. (श्वास कोंडून मात्र धरू नका, दमा असेल तर जमेल तेवढेच करा.) हा सराव परीक्षेच्या दिवशी सुरू करून उपयोग नाही. पोहायला शिकायचे ते पूर येण्याआधी.

झोपेचीही एक गोष्ट सांगून टाकतो. तुमच्या वयात झोप आणणारे मेलॅटोनिन रात्री उशिरा वाढू लागते, आणि झोप तर आठ ते दहा तास लागते. अकरापर्यंत जागून चारला उठवलेला मुलगा आळशी नसतो. त्याचे शरीर अजून रात्रीतच असते, आणि दिवसा शिकलेले पक्के करण्याचे काम मेंदू झोपेतच करतो.

पीटर आणि ससा

शिकलेली भीती विसरता येते का? १९२४ साली अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स या बाईंनी पीटर नावाच्या जेमतेम तीन वर्षांच्या मुलावर याचा प्रयोग केला. पीटर पांढऱ्या सशाला विलक्षण भीत असे. पीटर खुर्चीत बसून आवडीचा खाऊ खात असताना ससा पिंजऱ्यातून खोलीच्या टोकाला आणला जाई. दिवसेंदिवस तो थोडाथोडा जवळ. शेजारी सशाला न भिणारी मुले खेळत असत. अखेरीस पीटरने सशाला हातात घेतले. आज आपण जाणतो की जुनी भीती यात पुसली जात नाही. तिच्यावर 'येथे धोका नाही' असा नवा धडा गिरवला जातो. म्हणूनच ती मधूनच पुन्हा डोके वर काढते, आणि धडा पुन्हा गिरवावा लागतो.

१९९९ सालच्या तुर्कस्तानातील भूकंपानंतर मेटिन बाशोग्लू या मानसोपचारतज्ज्ञाने हीच वाट धरली. हलणाऱ्या तक्त्यावर एक लहानसे घर उभारले आणि भूकंपाने धास्तावलेल्यांना त्यात बसवले. घर किती हलवायचे आणि केव्हा थांबवायचे याची कळ मात्र त्या माणसाच्याच हाती. एका बैठकीत पुष्कळांची भीती चांगलीच उतरली. सारे मर्म त्या कळीत आहे. वर्गात उभे राहून बोलण्याची भीती असेल तर आधी मित्रापुढे, मग चौघांपुढे, मग एका रांगेपुढे बोला. पायरी तुम्ही ठरवा. शिक्षकांनी अशा मुलाला एकदम व्यासपीठावर ढकलू नये. तो पीटरच्या मांडीत ससा फेकण्यासारखा प्रकार होईल.

जेथे श्वास पुरत नाही

आतापर्यंत सांगितले ते खोट्या किंवा फुगलेल्या बातमीचे उपाय. बातमी खरी असेल तर? घरात मारहाण होत असेल, कोणी नको तेथे हात लावत असेल, वर्गातली टोळी रोज छळत असेल, दहावी होण्याआधीच लग्न ठरवले जात असेल, तर लांब श्वास घेऊन गप्प बसणे म्हणजे १९९२ साली घरात परतण्यासारखे आहे. तेथे भिंतच दुरुस्त करावी लागते, आणि ते काम एकट्या मुलाचे नाही. एका मोठ्या माणसाला सांगा. त्याने ऐकले नाही तर दुसऱ्याला, मग तिसऱ्याला : बाई, सर, मामा, मावशी, अंगणवाडीताई. अठरा वर्षांखालील मुलीचे लग्न २००६ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि गावपातळीवर ते थांबवण्याची जबाबदारी ग्रामसेवकाकडे दिलेली आहे. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे. तो कोणत्याही फोनवरून फुकट लागतो. मनावरचा ताण असह्य झाला असेल, झोप आणि जेवण सुटले असेल, तर २०२२ साली सुरू झालेल्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्री-अपरात्रीही चालतो आणि तेथे मराठीतून बोलता येते. जगणे नको वाटते असे तुमच्या किंवा मित्राच्या मनात आले तर त्याच दिवशी सांगायचे, दुसऱ्या दिवशी नाही. मित्राने 'कोणाला सांगू नको' अशी शपथ घातली असली तरीही.

शिक्षकांनी हे दोन क्रमांक वर्गाच्या फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावेत आणि ते का लिहिले आहेत हे एकदाच, सर्व मुलांना मिळून, सांगावे. ज्याला गरज आहे त्याला उठून विचारावे लागू नये.